गर्भधारणेआधी टीएसएच किती असावे, आणि दिवस राहिल्यावर थायरॉइडच्या गोळीचे काय करावे?

विचारणा (सातारा, वय ३१)

नमस्कार. माझ्या लग्नाला चार वर्षे झाली आहेत. गेल्या श्रावणात मला दिवस राहिले होते, परंतु नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत आणि क्युरेटिंग करावे लागले. त्यानंतर केलेल्या तपासण्यांमध्ये टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) ८.४ आले, टी-फोर (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, म्हणजे थायरॉक्सिन) सामान्य होते, आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटी-टीपीओची, तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी टीएसएच ३.१ वर आले आहे.

त्याआधीची सुमारे दोन वर्षे माझी पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येत असे आणि आली की सात-आठ दिवस खूप अंगावरून जात असे. कामाचा ताण आणि रोजचा प्रवास यांमुळे असे होत असेल असे मी धरून चालले होते. केस गळत होते, वजन वाढत होते, सकाळी अंथरुणातून उठवत नव्हते; तरीही थायरॉइड तपासावे असे मला सुचले नाही आणि कोणी सुचवलेही नाही.

माझे प्रश्न असे आहेत. माझे बाळ थायरॉइडमुळेच गेले का? प्रयोगशाळेच्या कागदावर ३.१ हा आकडा ‘सामान्य’ असा छापलेला असताना, टीएसएच २.५ च्या खाली येईपर्यंत थांबा असे डॉक्टर का सांगतात? आणि तिसरा प्रश्न घरातला आहे. सासूबाई मायेने सांगतात की दिवस राहिले की कसलीही गोळी घेऊ नये, गर्भाला बाधते. माझ्या मावसबहिणीने खरोखरच तिसऱ्या महिन्यापर्यंत गोळी बंद ठेवली होती आणि तिचे सर्व नीट झाले. मला पुन्हा प्रयत्न करायचा आहे, पण पुन्हा त्या सोनोग्राफीच्या खोलीत जाण्याची भीती वाटते. ज्यांना या विषयातले माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर जिल्हा)

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नामागे जे ओझे आहे ते मी गेली बावीस वर्षे माझ्या खोलीत पाहत आले आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात, आणि त्यावर आईच्या खाण्यापिण्याचा, प्रवासाचा किंवा गोळीचा काहीही इलाज चालत नाही. थायरॉइडची कमतरता असेल तर गर्भपाताची शक्यता वाढते हे खरे आहे. परंतु एका विशिष्ट स्त्रीच्या एका विशिष्ट गर्भाबाबत ‘यामुळेच झाले’ असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकणार नाही. थायरॉइड हा तुमच्या बाबतीत दुरुस्त करता येणारा धोका होता आणि तो आता सापडला आहे, एवढेच मी ठामपणे म्हणेन.

आता पाळीविषयी. थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात असली तरी तिचे आणि बीजांडकोशाचे नाते मेंदूतून जाते. तिचे संप्रेरक कमी पडले की मेंदू आणि पीयूषिका ग्रंथी तिला जोरात हाका मारू लागतात. त्या हाकेचेच नाव टीएसएच, आणि म्हणूनच आजार कमतरतेचा असूनही हा आकडा वाढलेला दिसतो. ज्या मेंदूतील संप्रेरकामुळे टीएसएच वाढते, त्याच संप्रेरकामुळे प्रोलॅक्टिनही वाढू शकते. प्रोलॅक्टिन हे बाळंतिणीला दूध आणणारे संप्रेरक. ते अवेळी वाढले तर स्त्रीबीज नियमित बाहेर पडत नाही. स्त्रीबीज बाहेर पडले नाही की गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते आणि मग ते उशिरा, परंतु फार मोठ्या रक्तस्रावासह गळून पडते. कमतरता तीव्र असेल तर रक्त गोठवणारे काही घटकही घटतात, त्याने रक्तस्रावात आणखी भर पडते. उशिरा येणारी आणि आली की न थांबणारी पाळी, हे तुम्ही केलेले वर्णन या चित्राशी जुळते. अशा अनेक मुलींना लगेच ‘पीसीओडी’ (बीजांडकोशाच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा आजार) असे नाव दिले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासल्याशिवाय ते निदान करूच नये असा नियम आहे.

हा आजार दुर्मीळही नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली, आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते.

तुमचा दुसरा प्रश्न आकड्याचा. कागदावर छापलेली मर्यादा ही सर्वसाधारण प्रौढांसाठी असते, गर्भवतीसाठी नसते. गर्भ रुजल्यावर एचसीजी नावाचे जे संप्रेरक तयार होते (आपण घरी मूत्राची पट्टी वापरून जे पाहतो तेच), त्याची घडण टीएसएचशी इतकी मिळतीजुळती आहे की तेही थायरॉइडला थोडेसे चालवते. त्यामुळे निरोगी स्त्रीचे टीएसएच पहिल्या तीन महिन्यांत आपोआप खाली उतरते. म्हणूनच गर्भारपणातील मर्यादा वेगळ्या ठेवाव्या लागतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांमध्ये पहिल्या तिमाहीसाठी २.५ आणि पुढील काळासाठी ३ ही वरची मर्यादा धरलेली आहे. अमेरिकेतील थायरॉइड तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली हेच आकडे दिले होते, परंतु २०१७ साली त्यांनी ते सैल केले आणि जेथे स्थानिक मर्यादा ठरवलेल्या नाहीत तेथे पहिल्या तिमाहीत साधारण ४ पर्यंतची मर्यादा चालेल असे म्हटले. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन आकडे सांगितले तर घाबरू नये. तुमची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तुम्ही आधीपासून गोळी घेत आहात. अशा स्त्रीने गर्भधारणेपूर्वी टीएसएच २.५ च्या खाली आणावे याविषयी फारसे दुमत नाही, आणि त्याचे कारण पुढे येते.

दिवस राहिल्यावर शरीराची थायरॉक्सिनची गरज वाढते. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे रक्तातील जी प्रथिने थायरॉक्सिनला धरून ठेवतात ती वाढतात, रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, आणि वारेमधूनही संप्रेरकाची ये-जा सुरू होते. निरोगी ग्रंथी हे वाढीव काम अंगावर घेते. तुमची ग्रंथी प्रतिपिंडांनी थकवलेली असल्यामुळे तिला ते जमणार नाही. जी वाढ व्हायची ती गोळीतूनच व्हावी लागेल. बोस्टनमधील डॉक्टरांनी २००४ साली थायरॉक्सिन घेणाऱ्या १९ स्त्रियांची २० गर्भारपणे बारकाईने तपासली, तेव्हा त्यांपैकी १७ मध्ये गोळी वाढवावी लागली, सरासरी वाढ पहिल्या निम्म्या काळात ४७ टक्के होती आणि ती गरज पाचव्या आठवड्यापासूनच दिसू लागली होती. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम एक आठवडा झालेला असतो. आपल्याकडे बहुतेक स्त्रिया दोन-अडीच महिने झाल्यावर ‘नाव घालायला’ येतात. तोवर तो काळ निघून गेलेला असतो.

आणि तोच काळ बाळाच्या दृष्टीने नाजूक आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास ती बऱ्यापैकी भरवशाची होते. त्याआधी त्याच्या मेंदूच्या घडणीला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. म्हणून सासूबाईंना अतिशय आदराने असे सांगा की ही गोळी म्हणजे बाहेरचे औषध नसून शरीरात जे कमी पडते आहे तेच, त्याच रूपात, बाहेरून भरून देणे आहे. योग्य प्रमाणातील या गोळीने गर्भाला बाध येत नाही. ती बंद केल्याने मात्र येऊ शकतो. अमेरिकेतील मेन राज्यात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या आयांच्या थायरॉइडच्या कमतरतेवर गर्भारपणात उपचार झालेच नव्हते, त्यांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. हे मी तुम्हाला भिववण्यासाठी लिहीत नाही. टीएसएच किंचित वाढलेल्या आणि टी-फोर सामान्य असलेल्या गर्भवतींना साधारण चौथ्या महिन्यात गोळी सुरू करून मुलांच्या बुद्धीत फरक पडतो का, हेही अमेरिकेत तपासले गेले आणि २०१७ साली उत्तर ‘नाही’ असे आले. त्याचे एक कारण असेही असू शकते की तोवर उशीर झालेला होता. तुमच्या मावसबहिणीचे सर्व सुखरूप झाले याचा आनंदच आहे. पण तिची कमतरता किती होती हे आपल्याला माहीत नाही, आणि तिच्या नशिबावर तुमचा निर्णय बेतू नये.

प्रत्यक्षात काय करायचे ते सांगते. टीएसएच २.५ च्या खाली आले की तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा आणि ‘पाळी चुकली व पट्टीवर दोन रेघा आल्या तर मी त्या दिवसापासून गोळी किती वाढवू’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पुष्कळ डॉक्टर आठवड्याच्या सात गोळ्यांऐवजी नऊ घ्यायला सांगतात, म्हणजे दोन ठरलेल्या वारांना दुप्पट. त्यानंतर लगेच टीएसएच करावे, पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी करावे, आणि सातव्या महिन्यात पुन्हा एकदा करावे. बाळंत झाल्यावर बहुधा दुसऱ्या दिवसापासून गोळी पूर्वीच्या प्रमाणावर आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासतात.

अँटी-टीपीओविषयी थोडक्यात लिहिते, कारण ही तपासणी पॉझिटिव्ह आली की बायका उगाच झुरतात. ही प्रतिपिंडे म्हणजे ग्रंथीवर आपल्याच शरीराचा हल्ला चालू असल्याची खूण. त्यांचा आकडा खाली आणण्याचे औषध नाही आणि तो पुन्हापुन्हा मोजण्यात अर्थही नाही. ज्यांचे टीएसएच सामान्य आहे पण ही प्रतिपिंडे आहेत, अशा नऊशेहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना गर्भधारणेआधीपासून थायरॉक्सिन देऊन ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. २०१९ साली निष्कर्ष आला तेव्हा गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सुमारे ३७ ते ३८ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. म्हणजे केवळ प्रतिपिंडांसाठी गोळी नको. तुम्हाला गोळी आहे ती टीएसएच वाढल्यामुळे आहे.

उत्तर (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणारा)

डॉक्टरांनी उपचारांचे लिहिले आहेच. मी रक्त घेण्याच्या टेबलाच्या या बाजूला बसतो, म्हणून तेथून जे दिसते ते लिहितो. गोळीचे प्रमाण बरोबर असूनही टीएसएच खाली येत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक भगिनींना ‘गोळी कशी घेता’ असे विचारले की उत्तर तेथेच सापडते.

ही गोळी उपाशीपोटी फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, चहासुद्धा घ्यायचा नाही. आपल्याकडे चहाने गोळी गिळण्याची सवय फार आहे. चहा, कॉफी, दूध यांनी ती नीट शोषली जात नाही. गर्भवतीच्या बाबतीत मोठा घोटाळा होतो तो लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे. आशाताई किंवा दवाखाना या दोन्ही गोळ्या प्रत्येक गर्भवतीला देतात आणि ते योग्यच आहे, पण अनेकजणी ‘एकदाच सगळे उरकावे’ म्हणून तिन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेतात. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच बांधून टाकतात. त्यामुळे त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. माझ्या पत्नीने गर्भारपणात जी वेळ पाळली ती सांगतो: पहाटे साडेपाचला उठून थायरॉइडची गोळी, साडेसहाला चहा, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, सायंकाळी पाचच्या सुमारास लोह, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. ज्यांना पहाटेच्या मळमळीमुळे हे जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी.

केस गळतात म्हणून हल्ली बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, आणि थायरॉइडच्या रुग्णांचे केस तर गळतातच. बायोटिनचे प्रमाण जास्त असेल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी आणि टी-फोर खोटेच जास्त दिसते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि आम्हाला तसे सांगावे. तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी. टी-फोरही तपासायचे असेल तर त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. आणि अर्जावर ‘गर्भवती, अमुक आठवडे’ असे अवश्य लिहून आणावे. नाहीतर कागदावर सर्वसाधारण मर्यादा छापली जाते आणि घरी आकडा वाचणारे निश्चिंत होतात किंवा विनाकारण घाबरतात. आपल्या बाबतीत तेच झालेले दिसते.

गोळ्यांच्या बाटलीविषयीही एक सांगतो. ती ओट्याशेजारी वाफेत किंवा खिडकीत उन्हात ठेवू नये. पावसाळ्यात झाकण नीट लावावे.

उत्तर (डोंबिवली, दोन मुलांची आई)

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे, म्हणून लिहावे की नाही असा विचार करत होते. परंतु हा धागा वाचणाऱ्यांत माझ्यासारखीही कोणी असेल. मला थायरॉइड जास्त होते. त्याला ग्रेव्ह्ज डिसीझ म्हणतात. सत्ताविसाव्या वर्षी माझे वजन सहा महिन्यांत नऊ किलो उतरले, लोकलचा जिना चढताना छाती धडधडे, हात इतके कापत की सुईत दोरा ओवता येत नसे. पाळी दोन-दोन महिन्यांनी यायची आणि दीड दिवसात संपायची. अंगावरून कमी जाते म्हणजे चांगलेच, असे मला तेव्हा वाटत होते.

कार्बिमॅझोल सुरू झाले. वर्षभराने मी डॉक्टरांना सांगितले की आम्हाला मूल हवे आहे, आणि ते आधी सांगितले हे फार बरे झाले. कार्बिमॅझोलमुळे गर्भात दोष निर्माण होण्याची शक्यता असते आणि ती मुख्यतः सहाव्या ते दहाव्या आठवड्यात असते. त्यामुळे गर्भधारणेच्या आधीच मला प्रोपिलथायोयुरासिल या दुसऱ्या औषधावर नेले. त्या औषधाने क्वचित यकृताला इजा होते, म्हणून ते बेतानेच वापरतात आणि कावीळ, अंगाला खाज अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब कळवायला सांगतात. औषध कमीत कमी प्रमाणात ठेवले होते, कारण ते वारेतून बाळापर्यंत जाते आणि जास्त झाले तर बाळाचीच ग्रंथी मंदावते. ग्रंथीला जास्त चालवणारी माझी प्रतिपिंडेही वार ओलांडू शकतात असे सांगून पाचव्या महिन्याच्या सुमारास ती मोजली आणि प्रत्येक सोनोग्राफीत बाळाचे ठोके व गळा नीट पाहिला. सहाव्या महिन्यानंतर आजार आपोआप इतका शमला की औषध जवळजवळ बंद झाले. मुलगी सुखरूप झाली. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात धडधड पुन्हा सुरू झाली, पण ती येऊ शकते हे मला आधीच सांगितलेले असल्यामुळे मी त्याच आठवड्यात तपासणी केली. औषध कमी प्रमाणात असताना मी मुलीला अंगावर पाजले. डॉक्टरांनी पाजल्यावर लगेच गोळी घ्यायला सांगितले होते.

ज्यांना रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा उपचार सुचवला आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना तो पूर्णपणे वर्ज्य आहे, आणि घेतल्यावर निदान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

माझ्या नणंदेबाबत घडलेली गोष्टही सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिला पाणीही पोटात टिकत नव्हते, इतक्या उलट्या होत होत्या. एका ठिकाणी टीएसएच अगदी कमी आले म्हणून तिला माझ्यासारखाच आजार आहे असे समजून तेच औषध लिहून दिले गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी सर्व कागद पाहून ते थांबवले. वर डॉक्टरांनी जे एचसीजीचे लिहिले आहे, त्याचाच तो परिणाम होता. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि विश्रांती यांवर ती बरी झाली आणि पुढे टीएसएच आपोआप वर आले. डोळे बाहेर येणे, गळ्याला सूज, प्रतिपिंडे यांपैकी काहीच नसताना फक्त कमी टीएसएचवरून ग्रेव्ह्ज म्हणू नये, असे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावले.

सातारा, वय ३१

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टर, तुमचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग एवढेच म्हणाल्या की ‘मग पहाटे पाच वाजता मीच उठवत जाईन.’ मला रडू आले.

मी चहाबरोबर गोळी घेत नव्हते, पण घेतल्यावर दहा मिनिटांत दुधाचा चहा घेत होते, आणि केसांसाठी बायोटिनही घेत होते. दोन्ही थांबवले आहे. आणखी दोन शंका विचारते. आम्ही घरात चातुर्मास पाळतो आणि अनेक उपवास सैंधव मिठावर करतो. त्याचा काही संबंध येतो का? आणि माझ्या धाकट्या मावशीला बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी फार उदास वाटू लागले होते, तिचे अंगावरचे दूधही कमी झाले होते. सगळ्यांनी ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून सोडून दिले. तेही थायरॉइड असू शकते का?

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, जळगाव जिल्हा)

मिठाविषयी मी लिहिते, कारण माझी अर्धी नोकरी त्यात गेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मी रुजू झाले तेव्हा आयोडीन कमी पडून गळ्याला गलगंडाची, म्हणजे फुगलेल्या थायरॉइडची, गाठ असलेल्या बायका बाजारात सहज दिसत. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्याकडे मात्र आठवडी बाजारात पोत्यातले उघडे खडे मीठ फार वर्षे विकले जात होते. आम्ही घरोघर जाऊन मिठावर तपासणीच्या द्रवाचा थेंब टाकत असू. आयोडीन असेल तर मीठ जांभळे होई. ज्या घरी रंग बदलत नसे त्या घरच्या गर्भवतीचे नाव मी वहीत वेगळे लिहून ठेवत असे.

नियमाप्रमाणे घरी पोहोचणाऱ्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवे. म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम मिळते, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज तेवढीच आहे. गर्भवतीची आणि अंगावर पाजणाऱ्या आईची गरज मात्र २५० मायक्रोग्रॅम आहे. उरलेले दूध, दही, अंडी, मासे यांतून यावे लागते. सैंधवात सहसा आयोडीन घातलेले नसते. आठवड्यातला एक उपवास सैंधवावर केला तर काही बिघडत नाही. पण हल्ली काही घरांनी ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकातच सैंधव आणले आहे, ते गर्भवतीच्या घरी नको. आपल्या पाळण्याला धक्का न लावता एवढे करता येईल: उपवासाच्या दिवशी सैंधव, इतर दिवशी आयोडीनयुक्त मीठ, आणि ते झाकणाच्या बरणीत. जास्त मीठ खाऊन आयोडीन वाढवू नये, रक्तदाबाचा वेगळा त्रास होईल.

तुमचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नसून प्रतिपिंडांचा दिसतो, म्हणून मीठ बदलल्याने तुमची गोळी सुटणार नाही. बाळाला लागणारे आयोडीन मात्र तुमच्याकडूनच जाणार आहे.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर जिल्हा)

आरोग्यसेविका ताईंनी इतके नेमके लिहिले आहे की मिठाविषयी मी फक्त एकच भर घालते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे थेंब ‘थायरॉइडसाठी चांगले’ म्हणून विकले जातात, ते घेऊ नयेत. आयोडीन फार झाले तरीही ग्रंथी बिघडते. कोबी, फ्लॉवर मात्र शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला काहीच हरकत नाही. ते बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच म्हणून आताच लिहून ठेवते.

मावशींविषयी तुमची शंका अगदी रास्त आहे. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात सुमारे २० पैकी एका स्त्रीला थायरॉइडचा दाह होतो. आधी एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान साठलेले संप्रेरक एकदम बाहेर पडून धडधड, चिडचिड, झोप न लागणे असे होते. नंतर चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास कमतरता येते आणि थकवा, उदासी, दूध कमी होणे, वजन न उतरणे ही लक्षणे दिसतात. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींची कायमची मंदावते. पहिल्या टप्प्यात ग्रंथी जास्त काम करत नसते, तिच्यातले साठलेले गळत असते, म्हणून तेथे कार्बिमॅझोल देऊ नये. गरज पडली तर फक्त धडधडीवर औषध देतात. बाळंतिणीची उदासी ही थायरॉइडशिवायही येते आणि तिलाही उपचार लागतात, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी पाहते. मावशींनी आजही एकदा टीएसएच करून घ्यावे, कारण असा दाह होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे कमतरतेचा धोका राहतो.

ज्यांची अँटी-टीपीओ तपासणी पॉझिटिव्ह आहे त्यांच्यात या दाहाचे प्रमाण बरेच अधिक असते, म्हणून तुमच्या कागदावर मी सहा आठवड्यांच्या तपासणीबरोबर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याचीही टीएसएच लिहून ठेवली असती. बाळाचेही टीएसएच जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासतात. आईला थायरॉइड असो वा नसो, ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी असे माझे मत आहे, कारण जन्मजात कमतरता असलेले बाळ सुरुवातीला अगदी नीट दिसते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची वाढ सहसा सामान्य होते. प्रसूतीगृहातून घरी जाण्याआधी ती झाली का, हे सासूबाईंनीच विचारले तर फार चांगले. पहाटे पाचला उठवण्याइतके ज्यांना समजले आहे, त्या हेही विसरणार नाहीत.

गोळीमागोमागचा दुधाचा चहा आणि बायोटिन थांबवल्यापासून सहा आठवडे मोजून टीएसएच करा. गोळी वाढवायची की आहे तीच पुरते, हे त्या आकड्यावर ठरेल.